गुडघ्याच्या संधिवातातील वेदनांचे व्यवस्थापन

गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातात, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, होणाऱ्या वेदना आटोक्यात ठेवण्यासाठी व हालचालीची क्षमता टिकवण्यासाठी जे उपाय योजले जातात, त्यांना एकत्रितपणे वेदनांचे व्यवस्थापन असे म्हणतात. यात व्यायाम, वजन नियंत्रण, बसण्या-उठण्याच्या सवयींतील बदल, त्वचेवर लावायची औषधे, आहारपूरके, पोटात घ्यायची वेदनाशामके व शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे वेदना कमी करणे आणि रोजचे व्यवहार सुरळीत ठेवणे हेच उपचारांचे मुख्य उद्दिष्ट असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२.८ कोटी लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के लोक ५५ वर्षांहून अधिक वयाचे होते आणि सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या. या आजारात सर्वाधिक प्रमाणात बाधित होणारा सांधा गुडघा असून अशा रुग्णांची संख्या सुमारे ३६.५ कोटी होती.

संज्ञा

मराठीत 'संधिवात' हा शब्द सांध्यांच्या कोणत्याही दुखण्यासाठी सैलपणे वापरला जातो. वैद्यकीयदृष्ट्या त्यात अनेक वेगवेगळे आजार येतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी 'आमवात' आणि गाउटसाठी 'वातरक्त' हे शब्द रूढ आहेत. आयुर्वेदात झिजेच्या संधिवाताशी मिळत्याजुळत्या लक्षणांचे वर्णन 'संधिगत वात' या नावाने केले जाते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधींच्या अध्यायात त्याचा उल्लेख आहे.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते आणि योग्य औषधे लवकर सुरू न झाल्यास सांध्यांची कायमची हानी होते. झिजेच्या संधिवातासाठी सांगितलेले घरगुती उपाय किंवा पूरके घेत राहिल्याने आमवाताच्या रुग्णाचा उपचारांचा मोलाचा काळ वाया जाऊ शकतो.

वेदनेचे स्वरूप

गुडघ्याच्या सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये हे आवरण पातळ व खडबडीत होते, हाडांच्या कडांना काटेरी वाढ होते, सांध्याच्या अस्तराला सौम्य दाह होतो आणि मांडीचे स्नायू दुर्बळ होतात. कूर्चेत वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात. वेदना प्रामुख्याने हाड, सांध्याचे अस्तर, स्नायुबंध व आसपासच्या ऊतींमधून येते. त्यामुळे क्ष-किरण प्रतिमेत दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. प्रतिमेत बरीच झीज दिसत असूनही काहींना फारसा त्रास नसतो, तर काहींना थोड्या झिजेतही तीव्र वेदना होतात. झोपेचा अभाव, नैराश्य व चिंता यांमुळेही वेदनेची तीव्रता वाढते.

जिना चढताना-उतरताना, उकिडवे बसून उठताना किंवा बराच वेळ बसल्यानंतर पहिली काही पावले टाकताना होणारे दुखणे हे या आजाराचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण आहे. सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत कमी होतो. हा ताठरपणा त्याहून बराच अधिक काळ टिकत असेल आणि हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजत असतील, तर आमवाताची शक्यता तपासली जाते.

'झीज' या शब्दामुळे गुडघा जितका वापरावा तितका अधिक झिजेल, असा समज रुग्णांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यातून चालणे कमी होते, स्नायू आणखी दुर्बळ होतात, वजन वाढते आणि वेदना बळावते. हे चक्र तोडणे हा वेदना व्यवस्थापनाचा गाभा मानला जातो.

दैनंदिन सवयी

व्यायाम

व्यायाम हा या आजारातील सर्वाधिक पुराव्यांचा आधार असलेला उपाय आहे. कोक्रेन संस्थेच्या २०१५ मधील आढाव्यात गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसविषयीच्या ५४ चाचण्यांचा विचार करण्यात आला होता. व्यायामाने वेदना कमी होते व हालचालीची क्षमता सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता.

मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू गुडघ्यावर येणारा धक्का सोसतात. म्हणून त्यांना बळकटी देणाऱ्या व्यायामांवर भर दिला जातो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही सेकंद धरून ठेवणे, पाठीवर झोपून सरळ पाय उचलणे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबणे आणि हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे हे सामान्यतः सुचवले जाणारे प्रकार आहेत. यांच्या जोडीला सपाट जमिनीवर चालणे, सायकल चालवणे किंवा पाण्यातील व्यायाम केले जातात. व्यायाम करताना सोसवेल इतके दुखणे हानिकारक मानले जात नाही. मात्र वाढलेली वेदना दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत न झाल्यास व्यायामाचे प्रमाण कमी करून पुन्हा हळूहळू वाढवले जाते. फायदा जाणवण्यास काही आठवडे लागतात आणि व्यायाम थांबवल्यास तो ओसरतो.

योगासने व ताई-ची यांचाही उपयोग होतो. तथापि वज्रासन, पद्मासन यांसारख्या गुडघा पूर्ण दुमडणाऱ्या आसनांऐवजी उभ्याने किंवा खुर्चीच्या आधाराने करायची आसने निवडली जातात.

वजन नियंत्रण

अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार शरीराचे वजन जितके कमी होते, त्याच्या सुमारे चौपट भार प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरून कमी होतो. म्हणजेच एक किलो वजन घटल्यास दर पावलामागे गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. त्याच विद्यापीठात अतिरिक्त वजनाच्या ४५४ व्यक्तींवर १८ महिने चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ आहार नियंत्रण किंवा केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा दोन्ही एकत्र करणाऱ्यांच्या वेदना अधिक कमी झाल्याचे त्यात आढळले.

बसणे, उठणे व चालणे

भारतीय राहणीत मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून केर काढणे, कपडे धुणे, शेतात खुरपणी करणे व भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे यांमुळे गुडघा वारंवार पूर्ण दुमडला जातो. बीजिंगमधील ज्येष्ठ नागरिकांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण अधिक आढळले. त्रास सुरू झालेल्या व्यक्तींसाठी पुढील बदल सुचवले जातात:

* जेवण, पूजा, नमाज, भाजी निवडणे इत्यादी कामे शक्यतो खुर्चीवर बसून करणे. खुर्ची व पलंग पुरेसे उंच असणे.
* कमोड किंवा भारतीय शौचालयावर ठेवता येणारी खुर्ची वापरणे. शौचालयात व न्हाणीघरात भिंतीला आधाराचा दांडा बसवणे.
* लांब दांड्याचा झाडू व पोछा वापरणे.
* जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकणे व उतरताना आधी दुखरा पाय खाली ठेवणे. कठड्याचा आधार घेणे.
* एकाच स्थितीत फार वेळ न बसणे किंवा उभे न राहणे. जड कामे सलग न करता दिवसभरात विभागणे.
* मऊ तळव्याची, टाच न उचलणारी व पायाला घट्ट बसणारी पादत्राणे वापरणे.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरली जाते; त्यामुळे दुखऱ्या पायावरील भार हाताकडे वळतो. काठी दुखऱ्या बाजूलाच धरणे ही सर्रास होणारी चूक आहे. म्हातारपणाचे लक्षण मानून काठी टाळली जाते. प्रत्यक्षात तिच्यामुळे चालण्याचे अंतर वाढते व पडण्याचा धोका कमी होतो.

शेक

ताठरपणासाठी गरम शेक आणि सूज आलेल्या गुडघ्यासाठी बर्फाचा शेक दिला जातो. दोन्हींचा परिणाम तात्पुरता असतो. महाराष्ट्रात गरम केलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा, निर्गुडीच्या पाल्याचा किंवा एरंडाच्या गरम पानांचा शेक देण्याची प्रथा आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींना शेकाने भाजल्याचे लक्षात येत नाही, त्यामुळे विशेष काळजी घ्यावी लागते.

त्वचेवर लावायचे उपाय

दाहशामक जेल

डायक्लोफेनॅक व कीटोप्रोफेन ही दाहशामक औषधे जेलच्या स्वरूपात गुडघ्यावर लावली जातात. गुडघा हा त्वचेलगतचा सांधा असल्याने औषध तेथपर्यंत पोहोचते. पुठ्ठ्याच्या सांध्यासारख्या खोलवरच्या सांध्यासाठी त्याचा उपयोग होत नाही. कोक्रेनच्या २०१६ मधील आढाव्यानुसार ६ ते १२ आठवडे डायक्लोफेनॅक लावणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या वेदना लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या. औषधविरहित जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते. पोटात घेतलेल्या गोळीच्या तुलनेत जेलमधून रक्तात जाणारे औषध फारच कमी, सुमारे ६ टक्के असते. त्यामुळे जठर व मूत्रपिंडावरील दुष्परिणामांचा धोका कमी राहतो. वयस्कर रुग्णांमध्ये गोळ्यांच्या आधी जेल वापरून पाहण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो. जेल दिवसातून ठरलेल्या वेळी नियमितपणे व पुरेशा प्रमाणात लावणे आवश्यक असते. दुखेल तेव्हा चिमूटभर लावल्यास अपेक्षित परिणाम मिळत नाही.

कॅप्सेसिन

कॅप्सेसिन हा मिरचीतील तिखटपणा निर्माण करणारा घटक आहे. तो वेदनेच्या नसांवरील उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना उत्तेजित करतो आणि वारंवार लावल्यास त्या नसांची संवेदनशीलता कमी होते. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सुरुवातीस जळजळ होते आणि परिणाम दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. मलम लावल्यावर हात धुणे आणि डोळ्यांना स्पर्श टाळणे आवश्यक असते. स्वयंपाकघरातील मिरचीचा लेप हा त्याला पर्याय नाही, कारण त्यातील प्रमाण अनिश्चित असते व त्वचा भाजू शकते.

बाम व तेले

बाजारातील बहुतेक बाममध्ये मेंथॉल, कापूर, निलगिरीचे तेल व मिथाइल सॅलिसिलेट (गंधपुरा तेलातील मुख्य घटक) असते. थंडावा किंवा ऊब यांच्या संवेदनेमुळे वेदनेकडील लक्ष तात्पुरते वळते. मिथाइल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातील असून मोठ्या भागावर वारंवार लावल्यास ते रक्तात शोषले जाते. वॉरफेरिन घेणाऱ्यांमध्ये त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. गंधपुरा तेल पोटात गेल्यास अत्यंत विषारी असते. एक चमचा तेलही लहान मुलासाठी प्राणघातक ठरू शकते. बाम लावून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास त्वचा भाजते.

महानारायण तेल, तिळाचे तेल इत्यादींनी मालिश केल्यावर अनेकांना आराम वाटतो. या आरामात तेलातील घटकांचा वाटा किती व मालिशीचा किती, हे वेगळे करणे कठीण असते.

आहारपूरके

ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन

हे दोन्ही पदार्थ कूर्चेच्या रचनेशी संबंधित आहेत आणि जगभर सांध्यांसाठी सर्वाधिक खपणाऱ्या पूरकांत त्यांची गणना होते. अमेरिकेतील १,५८३ रुग्णांवर २४ आठवडे करण्यात आलेल्या 'गेट' या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वेदना किमान २० टक्क्यांनी कमी झालेल्या रुग्णांचे प्रमाण ग्लुकोसामाइन गटात ६४ टक्के, कॉन्ड्रॉइटिन गटात ६५.४ टक्के, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ६६.६ टक्के आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ६०.१ टक्के होते. पूरके व औषधविरहित गोळी यांतील हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या लहान उपगटात दोन्ही पूरके एकत्र घेतल्याने फायदा दिसला. परंतु उपगटावरील निष्कर्ष निर्णायक मानला जात नाही.

औषध नसलेल्या गोळीनेही दहापैकी सहा जणांना बरे वाटले, ही बाब पूरकांविषयीचे अनुभव समजून घेताना महत्त्वाची आहे. या आजारातील वेदना आपोआप कमी-अधिक होत असते आणि रुग्ण सहसा दुखणे शिगेला पोहोचलेले असताना नवा उपाय सुरू करतो. त्यामुळे त्यानंतर येणारा उतार त्या उपायाच्या नावावर जमा होतो.

ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळवले जाते, म्हणून अशा प्राण्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना सावध राहावे लागते. वॉरफेरिनचा परिणामही त्याने वाढू शकतो.

हळद व कर्क्युमिन

हळदीतील कर्क्युमिन या घटकात दाह कमी करण्याचा गुण आहे. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर चार आठवडे झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १,५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क वेदनेच्या बाबतीत रोजच्या १,२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनपेक्षा कमी पडला नाही आणि पोटदुखीच्या तक्रारी त्यात कमी होत्या. या क्षेत्रातील बहुतेक चाचण्या लहान व अल्पकालीन आहेत.

घरगुती हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्के असते. म्हणजे तीन ग्रॅम हळदीतून जेमतेम ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळते आणि त्यातीलही थोडेच शोषले जाते. हळद घातलेले दूध व चाचण्यांतील अर्क यांची तुलना म्हणूनच करता येत नाही. काळ्या मिरीतील पायपरीनमुळे कर्क्युमिनचे शोषण अनेक पटींनी वाढते, असे बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यानंतर अनेक उत्पादनांत पायपरीन मिसळले जाऊ लागले. अधिक शोषणाबरोबर धोकाही वाढतो. अशा पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या असून ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये त्याबाबत इशारा दिला. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ही पूरके डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत, असे सांगितले जाते. स्वयंपाकातील हळदीला हा इशारा लागू नाही.

सालई गुग्गुळ

सालई (शल्लकी) हा वृक्ष विदर्भासह भारतातील कोरड्या पानझडी जंगलांत आढळतो. त्याच्या डिंकातील बॉस्वेलिक आम्ले दाहकारक द्रव्यांची निर्मिती रोखतात. नागपूर येथे ३० रुग्णांवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या अर्काने गुडघ्याची वेदना व सूज कमी झाल्याचे आढळले. कोक्रेनच्या २०१४ मधील आढाव्यानेही वेदनेत किंचित सुधारणा नोंदवली. सालई गुग्गुळ व योगराज गुग्गुळासारख्या कल्पांत वापरला जाणारा गुग्गुळ हे दोन वेगळ्या झाडांचे डिंक आहेत.

पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गुळवेल, सुंठ, आवळा व सालई यांपासून केलेली दोन आयुर्वेदिक मिश्रणे ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या बरोबरीची ठरल्याचे त्यात म्हटले आहे. त्याच चाचणीत काही रुग्णांच्या रक्तातील यकृताच्या एका विकराचे प्रमाण लक्षणांविना वाढलेले आढळले. त्यामुळे वनौषधी घेणाऱ्यांचीही रक्ततपासणी आवश्यक असल्याचे स्पष्ट झाले.

इतर पूरके

ड जीवनसत्त्व व माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले यांनी गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसची वेदना कमी होत नसल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. ड जीवनसत्त्वाची कमतरता सिद्ध झाल्यास हाडांच्या आरोग्यासाठी ते दिले जाते. आमवातात मात्र ओमेगा-३ चा थोडा उपयोग होतो. कोलॅजन व एमएसएम यांविषयीचे पुरावे अपुरे आहेत. डिंकाचे किंवा मेथीचे लाडू पारंपरिक आहारात महत्त्वाचे असले, तरी त्यांनी कूर्चा वाढत नाही. उलट त्यांतील तूप व गुळाने वजन वाढू शकते.

धोके व गैरसमज

'वनौषधी' किंवा 'शंभर टक्के नैसर्गिक' असे लिहून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत स्टिरॉइड व वेदनाशामके लपवून मिसळलेली आढळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये 'आर्ट्री किंग' या सांधेदुखीवरील पूरकात डायक्लोफेनॅक व डेक्सामेथासोन ही वेष्टनावर न नोंदवलेली औषधे सापडल्याचे जाहीर केले. नावगाव व घटक न लिहिलेल्या पुड्यांनी दोन-तीन दिवसांतच आश्चर्यकारक गुण येणे, भूक व वजन वाढणे, चेहरा गोल होणे, साखर किंवा रक्तदाब वाढणे ही स्टिरॉइड मिसळल्याची लक्षणे असू शकतात. अशा पुड्या दीर्घकाळ घेतल्यानंतर एकदम बंद करणेही धोक्याचे असते. शरीराची स्वतःची स्टिरॉइड निर्मिती मंदावलेली असल्याने रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबवल्या जातात.

बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मधील अभ्यासात नोंदवले गेले.

ग्रामीण महाराष्ट्रात दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावणे किंवा डाग देणे या प्रथा आढळतात. बिब्ब्याच्या तेलाने त्वचेवर फोड येतात व तीव्र दाह होतो; डागण्यामुळे भाजल्याच्या जखमा होतात. मधुमेही रुग्णांत अशा जखमा चिघळतात. नव्या वेदनेमुळे जुन्या वेदनेचा काही काळ विसर पडतो, इतकाच त्यांचा परिणाम असतो.

मार्गदर्शक तत्त्वे

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी व आर्थ्रायटिस फाउंडेशन यांच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यायाम, अतिरिक्त वजन कमी करणे, ताई-ची, काठी व दाहशामक जेल यांची ठाम शिफारस आहे. योगासने, शेक व कॅप्सेसिन यांची सशर्त शिफारस आहे, तर गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन वापरू नये असा ठाम सल्ला आहे. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये व्यायाम सर्व रुग्णांना सुचवावा आणि ग्लुकोसामाइन देऊ नये, असे म्हटले आहे. म्हणजे ज्या उपायांसाठी सर्वाधिक खर्च केला जातो त्यांचा आधार सर्वांत कमकुवत आहे आणि ज्यांना फारसा खर्च येत नाही त्यांचा सर्वांत भक्कम.

वैद्यकीय उपचार

वरील उपायांनी पुरेसा आराम न पडल्यास पोटात घ्यायची दाहशामके कमीत कमी मात्रेत व अल्पकाळ दिली जातात. जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार, हृदयरोग किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना त्यांचा धोका अधिक असतो. सांध्यात दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो. वेदनेमुळे झोप व चालणे कायम बाधित होत असल्यास सांधेरोपण शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या स्नायूंच्या व्यायामाचा त्यानंतरच्या सुधारणेतही उपयोग होतो.

गुडघा अचानक लाल, गरम व सुजलेला होणे, सोबत ताप येणे, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, गुडघा अडकणे, किंवा विश्रांतीत व रात्रीही सतत वेदना होणे ही तातडीने वैद्यकीय तपासणी करून घेण्याची लक्षणे आहेत.

हे सुद्धा पहा

* आमवात
* वातरक्त
* कूर्चा
* फिजिओथेरपी
* सालई
* हळद